आम्ही असं का बांधतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काम सोपवण्याआधी, आणि कधीकधी काम अर्ध्यावर आल्यावर, लोक आमच्या वास्तुरचना कार्यालयाला जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न आमच्या टेबलावरही अजून पुरते मिटलेले नाहीत.

तुमची शैली कोणती?

शैली ठरवून आम्ही कामाला बसत नाही. आमच्या दोन इमारती शेजारी शेजारी ठेवल्या, तर त्या एकाच कार्यालयातून निघाल्या आहेत हे कदाचित ओळखू येणार नाही. जवळ गेलात तर मात्र काही सवयी सारख्या दिसतील. खिडकीवर पुरेसा छज्जा, छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच, हात पोचेल अशा जागी व्हॉल्व्ह, दोन माणसं एकमेकांना वाट देऊ शकतील एवढा रुंद जिना. लांबूनच ओळखू येणाऱ्या इमारती करणाऱ्यांचा आम्हाला अधूनमधून हेवा वाटतो, खोटं कशाला बोलायचं.

मग तुमचं तत्त्व काय?

इमारत वापरात येऊन पाच-सात वर्षं झाल्यावर आतली माणसं तिच्याबद्दल काय बोलतात, त्यावर आम्ही आमचं काम मोजतो.

ऐकायला हे साधं वाटतं. पण आमच्या व्यवसायात बक्षिसं मिळतात ती बहुधा फोटोंवर, आणि फोटो काढले जातात ते इमारत रिकामी असताना. खुर्च्या सरळ रेषेत, ओट्यावर एक भांडं नाही, भिंतीवर कॅलेंडर नाही. माणसं राहायला येतात आणि त्या फोटोतली इमारत तिथेच संपते. पुढे तीस-चाळीस वर्षं जी इमारत उभी असते तिचे फोटो कोणी काढत नाही.

रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात बांधकामाच्या तीन कसोट्या सांगितल्या : मजबुती, उपयोग आणि सौंदर्य. दोन हजार वर्षांत त्या कोणाला खोडता आलेल्या नाहीत. आम्ही त्यांच्या जोडीला दुरुस्तीची कसोटी ठेवतो. ज्या वस्तूला हात घालता येत नाही ती मजबूत आहे असं आम्ही मानत नाही. ती फक्त अजून बिघडलेली नसते.

या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की ताबा दिल्यानंतर एका वर्षाने आणि पुन्हा पाच वर्षांनी आम्ही इमारतीत परत जातो. वेगळी फी न घेता. हे काही उपकार नाहीत. पुढचं काम सुधारण्याचा दुसरा मार्ग आम्हाला अजून सापडलेला नाही.

पहिल्याच भेटीत स्केच का काढून दाखवत नाही?

पहिलं चित्र मनात घर करतं. मग पुढची सगळी चर्चा त्या चित्राच्या आसपास फिरत राहते आणि मुळात तिसरा मजला हवा होता का, हे विचारायचं राहूनच जातं. सुरुवातीचे काही आठवडे आम्ही फक्त लिहितो : कोण, कधी, किती वेळ, काय करणार. तो मजकूर तुम्ही वाचून, खाडाखोड करून परत दिलात की पेन्सिल हातात घेतो. अधीर मंडळींना हा काळ जड जातो, हे ठाऊक आहे.

इतके खासगी प्रश्न कशाला विचारता?

घर काढायचं असेल तर सकाळी सगळ्यांत आधी कोण उठतं आणि त्याच्या खुडबुडीने कोणाची झोप मोडते, हे आम्हाला कळायला हवं. भांडण झाल्यावर कोण कुठे जाऊन बसतं, हेही. दवाखाना असेल तर वाईट बातमी ऐकलेला माणूस दोन मिनिटं कुठे थांबेल, हा प्रश्न आम्ही डॉक्टरांना विचारतो. बऱ्याच डॉक्टरांना तो याआधी कोणी विचारलेला नसतो.

अडचण अशी, की माणसं स्वतःच्या सवयी सांगताना त्या थोड्या नीटनेटक्या करून सांगतात. 'आम्ही सगळे जेवायला एकत्र बसतो' असं म्हणणाऱ्या घरात प्रत्यक्षात चौघं चार वेळांना जेवत असतात. म्हणून जमेल तिथे आम्ही एक अख्खा दिवस तुमच्या सध्याच्या जागेत बसून काढतो. आणि झाडलोट करणाऱ्यांशी, पहारेकऱ्याशी आवर्जून बोलतो. पाणी कुठे तुंबतं, कोणतं दार कायम उघडं राहतं आणि कोणत्या कोपऱ्यात कोणीच फिरकत नाही, हे त्यांच्याइतकं मालकाला माहीत नसतं.

ज्यांच्यासाठी बांधायचं त्यांना गृहीत धरलं की काय होतं, याचं उदाहरण इजिप्तमध्ये आहे. वास्तुकार हसन फाथी यांनी १९४०च्या दशकात लक्सरजवळ, जुन्या गुर्ना गावातल्या लोकांना हलवण्यासाठी, नवं गुर्ना हे गाव मातीच्या विटांत रचलं. घुमट, कमानी, आतले चौक. आजही तिथली रेखाटनं बघून हात जोडावेसे वाटतात. पण जुन्या गावातल्या लोकांचा रोजगार प्राचीन थडग्यांच्या परिसराशी बांधलेला होता. बहुतेकांनी तिथून हलायला नकार दिला आणि गाव अर्धवटच राहिलं. एवढा संवेदनशील माणूस, तोही इथे अडला. आपण तर कितीतरी घाईत असतो.

मोठी काच लावली की उजेड येतो. तुम्ही खिडक्यांबाबत एवढे कंजूष का?

हा वाद आमच्याकडे दर दोन महिन्यांनी होतो, तेव्हा सविस्तर सांगतो.

उजेड खोलीत किती आत पोचणार हे काचेच्या रुंदीपेक्षा तिच्या वरच्या कडेवर ठरतं. ती कड फरशीपासून जितक्या उंचीवर, त्याच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंत कामापुरता उजेड मिळतो. कड २.१ मीटरवर असेल तर पाचेक मीटरच्या पलीकडे भर दिवसाही दिवा लावावा लागेल. तीच कड छताला भिडवली तर खोली मागपर्यंत उजळते. उलट काच गुडघ्याच्या खाली नेऊन वाचण्या-लिहिण्याच्या उजेडात फारशी भर पडत नाही. ऊन मात्र आत येतं.

ऊन आत आलं की फरशी तापते, आणि तापलेल्या फरशीतून निघणारी उष्णता त्याच काचेतून तितक्या सहज बाहेर जात नाही. त्यामुळे आतून पडदा ओढेपर्यंत उशीर झालेला असतो. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेरच. डोक्यावरचं ऊन आडवा छज्जा अडवतो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन छज्ज्याखालून सरळ घुसतं, त्याला उभ्या पट्ट्या, जाळी नाहीतर झाड लागतं.

वाऱ्याचंही गणित आहे. खिडक्या एकाच बाजूला असतील तर छताच्या उंचीच्या दोन-अडीच पटींपलीकडे हवा खेळत नाही. समोरासमोर असतील तर पाच पटींपर्यंत खेळते. हे सगळे ठोकताळे आहेत, पण रुंद आणि जाडजूड प्लॅन सोडून लांबट, सडपातळ प्लॅनकडे आम्ही पुन्हा पुन्हा का वळतो ते यावरून कळेल.

हे आम्ही पोथीत वाचून शिकलो असं नाही. आमच्या सुरुवातीच्या एका वाचनालयात पश्चिमेला मजल्याइतकी उंच काच होती. बाहेरचा देखावा सुंदर होता, मासिकातही छापून आला. वर्षाने आम्ही गेलो तेव्हा त्या काचेवर खालपासून वरपर्यंत वर्तमानपत्रं चिकटवलेली होती आणि आत ट्यूबलाइट जळत होत्या. ग्रंथपाल काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त खुर्ची दिली, ती नेमकी उन्हात होती. पुढे बाहेरून उभ्या पट्ट्या बसवल्या, त्याचं ड्रॉइंग आणि देखरेख आमच्या खर्चाने.

लंडनच्या २० फेनचर्च स्ट्रीट या गगनचुंबी इमारतीत याहून मोठा प्रताप घडला. तिचा दर्शनी भाग आत वळलेला, काचेचा. २०१३ मध्ये त्या अंतर्वक्र काचेने ऊन एकवटून खालच्या रस्त्यावर टाकलं आणि उभ्या असलेल्या एका मोटारीचे भाग वितळले. नंतर तिला सूर्यरोधक पट्ट्या बसवाव्या लागल्या.

तुमच्या इमारती 'हरित' असतात का?

हा शब्द आम्ही जपून वापरतो. छतावर सौर पॅनेल आणि दारात वेली लावल्या की इमारत हरित झाली, असं आम्ही मानत नाही. खरा हिशोब पायाखाली आणि स्लॅबमध्ये असतो. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के सिमेंटच्या वाट्याला येतं. भट्टी १,४५० अंशांच्या आसपास तापवायला इंधन जळतं, हा एक भाग झाला. त्याहून मोठा भाग खुद्द चुनखडीतून सुटतो. चुनखडी भाजली की तिच्यातला वायू बाहेर पडणारच, इंधन कितीही स्वच्छ असो.

म्हणून आमचा पहिला प्रश्न असतो : हे बांधायलाच हवं का? दुसरा : थोडं कमी चालेल का? कॉलममधलं अंतर वाजवी ठेवलं तर स्लॅब पातळ होतो. तळघर टाळता आलं तर खोदाई, भिंती, वॉटरप्रूफिंग आणि जन्मभराचा पंप, सगळंच टळतं. यात टाळ्या मिळवण्यासारखं काही नाही.

म्हणजे 'बांधू नका' असाही सल्ला देता?

देतो. वर्षातून एक-दोनदा.

याबाबतीत आमचे आदर्श फ्रान्सचे वास्तुकार अॅन लाकातों आणि जाँ-फिलिप व्हासाल. १९९६ मध्ये त्यांना बोर्दो शहरातला एक छोटा चौक सुशोभित करायचं काम मिळालं. त्यांनी तिथे वेळ काढला, रहिवाशांशी बोलले आणि कळवलं की चौक आहे तसाच चांगला आहे. खडी बदला, झाडांची निगा राखा, वरचेवर स्वच्छता करा. बस्स. पुढे त्याच शहरात १९६०च्या दशकातल्या तीन इमारतींमधली ५३० घरं पाडायचं बोलणं मागे पडलं आणि त्यांनी सहकाऱ्यांच्या साथीने प्रत्येक घराला बाहेरून जवळपास चार मीटर खोलीची काचबंद गॅलरी जोडली. काम चालू असताना लोक आपापल्या घरातच राहत होते. २०२१ मध्ये या दोघांना वास्तुरचनेतला मानाचा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला.

जुनी इमारत समोर आली की आम्ही आधी तिचा सांगाडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घेतो. काँक्रीट सडलं असेल, गज गंजून फुगले असतील, तर भावनेच्या भरात ती वाचवत बसत नाही. पण बहुतेक वेळा सडलेलं असतं ते प्लंबिंग, आणि शिक्षा होते ती अख्ख्या इमारतीला.

साहित्य कसं निवडता?

जे जवळ मिळतं, ज्याचं काम तिथल्या गवंडी-सुतारांना येतं आणि जे फुटलं तर त्यांनाच बदलता येईल, त्याला पहिला मान. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात, गांदो गावात वास्तुकार फ्रान्सिस केरे यांनी २००१ मध्ये शाळा बांधली. तिथलीच माती थोडं सिमेंट घालून दाबून केलेल्या विटा, वर सच्छिद्र विटांचं छत आणि त्याच्याही वर उचलून धरलेला पत्रा. मधल्या फटीतून गरम हवा निघून जाते, खाली वर्ग थंड राहतो. गावकऱ्यांनी स्वतः राबून ती उभी केली, त्यामुळे ती दुरुस्त कशी करायची हे वेगळं शिकवावं लागलं नाही. पत्र्याला नाकं मुरडणाऱ्यांना आम्ही हे उदाहरण देतो. पत्रा वाईट नसतो, थेट डोक्यावर ठेवलेला पत्रा वाईट.

दगडासारखी दिसणारी टाइल, लाकडासारखं दिसणारं प्लास्टिक मात्र आम्ही टाळतो. खरं लाकूड झिजलं की त्याला वय येतं. नकली लाकूड झिजलं की खालचा पांढरा थर दिसतो.

सौंदर्याला तुमच्याकडे जागा आहे की सगळा हिशोबच?

आहे, भरपूर आहे. 'आकार उपयोगामागून येतो' या अर्थाचं अमेरिकन वास्तुकार लुई सलिव्हन यांचं १८९६ मधलं वाक्य आमच्या व्यवसायात उठता-बसता ऐकवलं जातं. ते ऐकवणारे सांगायला विसरतात की सलिव्हन यांच्या स्वतःच्या इमारती पानाफुलांच्या नक्षीने भरलेल्या आहेत. त्यांना शोभेचं वावडं नव्हतं. आम्हालाही नाही.

फक्त ती कुठे घालायची यात आमची निवड असते. जिथे हात लागतो तिथे : दाराची मूठ, जिन्याचा कठडा, खिडकीतली बसायची जागा. माणूस दर्शनी भाग महिन्यातून एकदा मान वर करून बघतो, कठडा दिवसातून दहादा धरतो.

कानालाही सौंदर्य लागतं, हे सहसा विसरलं जातं. वॉलेस सबीन या भौतिकशास्त्रज्ञाने १८९५ पासून हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहाचा अभ्यास केला. तिथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहायचा, म्हणजे मागच्या वाक्यावर पुढचं वाक्य चढायचं. रात्री शांतता झाली की तो शेजारच्या नाट्यगृहातल्या, आवाज शोषणाऱ्या गाद्या आणून मांडायचा आणि पुन्हा मोजायचा. आवाज किती वेळ घुमेल हे काढायचं सूत्र त्यातून निघालं. आजही गुळगुळीत फरशी, काच आणि कोऱ्या स्लॅबची सभागृहं बांधली जातात आणि मागच्या रांगेला काही ऐकू येत नाही.

जिन्यावर तुमच्या कार्यालयात फार वेळ जातो, असं ऐकलं. खरं आहे?

खरं आहे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये वास्तुकार ब्लाँदेल यांनी मांडलेला नियम अजून चालतो : दोन पायऱ्यांची उंची अधिक एका पायरीची रुंदी मिळून साधारण ६० ते ६४ सेंटिमीटर व्हावेत, म्हणजे माणसाचं एक पाऊल. १५ सेंटिमीटर उंची आणि ३० ते ३२ सेंटिमीटर रुंदी घेतली की चढताना जिना जाणवतही नाही. घोळ होतो तो शेवटच्या पायरीत. वरची फरशी ठरल्यापेक्षा जाड बसते, शेवटची पायरी दोन सेंटिमीटरने वेगळी होते आणि माणसं तिथेच अडखळतात, कारण पाय हिशोब लक्षात ठेवतो.

वृद्धांसाठी, व्हीलचेअरसाठी वेगळी सोय करता का?

वेगळी नाही. मागच्या दाराने रॅम्प काढून देणं आम्हाला अपमानास्पद वाटतं. सगळ्यांची वाट एकच असावी. रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा (एक मीटर चढायला बारा मीटर लांबी) तीव्र नको, व्हीलचेअर वळायला दीड मीटर मोकळी जागा हवी, दार उघडल्यावर निदान ९० सेंटिमीटरची वाट हवी. हे आकडे पहिल्याच आराखड्यात घातले तर खर्च जवळपास वाढत नाही. बांधून झाल्यावर घालायचे म्हटलं की तोडफोड आली. आणि पाय आज मोडला नसला तरी बाबागाडी, जड सूटकेस, गुडघ्याचं ऑपरेशन यांतून कोणी सुटत नाही.

खर्च हाताबाहेर जाणार नाही याची खात्री देता का?

खात्री कोणी दिली तर सावध व्हा. सिडनी ऑपेरा हाउसचा अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होता. १९७३ मध्ये ते खुलं झालं तेव्हा खर्च १० कोटी २० लाखांवर गेला होता. तिथे छताची भूमिती सुटण्याआधीच पायाचं काम सुरू झालं होतं. त्या छताने जगाला वेड लावलं, हे कबूल. पण तुमच्या-आमच्या कामात अंदाजपत्रक फुगण्याचं कारण बहुतेकदा तेच असतं : ड्रॉइंग पुरी होण्याआधी खोदाई. म्हणून तपशील पक्के झाल्याशिवाय ठेकेदाराला साइटवर येऊ देत नाही.

फीही आम्ही ठरावीक रक्कम घेतो, बांधकामखर्चाची टक्केवारी नाही. महागडी फरशी सुचवली की आमची फी वाढते, अशी व्यवस्था असेल तर आमच्या सल्ल्यावर तुम्ही का विश्वास ठेवावा?

पैसे कमीच असतील तर सगळं स्वस्तात उरकण्यापेक्षा अर्धं चांगलं बांधावं. चिलीतल्या इकीके शहरात वास्तुकार आलेहांद्रो अरावेना यांच्या चमूने २००४ मध्ये शंभरेक कुटुंबांसाठी अशीच घरं केली. सांगाडा, स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना हे कठीण भाग बांधून दिले आणि शेजारची जागा मोकळी सोडली. लोकांनी ती आपल्या सवडीने भरली. त्याच्याही आधी वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत जोतं, पाणी आणि सांडपाण्याची सोय देऊन बाकीचं घर वाढायला मोकळं ठेवलं होतं.

देखभालीची वही देता, ती काय असते?

पंचवीस-तीस पानं. कोणता पाइप कोणत्या भिंतीत आहे, गच्चीचा ढाळ कुठे जातो, पावसाआधी काय साफ करायचं, रंगाचा क्रमांक कोणता. मालीमधल्या जेन्नेच्या मशिदीच्या भिंतींतून लाकडी ओंडके बाहेर आलेले दिसतात. शोभेसाठी तर ते आहेतच, पण दरवर्षी गावकरी मातीचा गिलावा करायला चढतात ते त्यांच्यावरूनच. परांची भिंतीतच बांधलेली. १९०७ मधली ती इमारत मातीची असून टिकली आहे. आमच्या एका काचेच्या घुमटीला मात्र पुसायला पोचायची वाटच ठेवलेली नव्हती. काच स्वच्छ होती ती पहिले सहा महिने. आता वहीतल्या प्रत्येक पानावर एक ओळ असते : 'इथे कसं पोचायचं?' ती भरता आली नाही तर ड्रॉइंग परत टेबलावर.

संगणक आणि एआय वापरता का?

वापरतो. उन्हाची सावली तासागणिक कुठे पडेल हे संगणक आमच्यापेक्षा लवकर सांगतो. एआयने काढलेली चकचकीत चित्रं मात्र ग्राहकापुढे ठेवत नाही. कारण वर सांगितलंच : पहिलं चित्र मनात घर करतं.

कोणतं काम नाकारता?

ज्यात वापरणाऱ्यांना भेटायला मनाई असते ते. मजुरांच्या सुरक्षेचा खर्च अंदाजपत्रकातून काढायला सांगितला जातो ते. आणि 'अमक्या इमारतीसारखं हुबेहूब' ते. तिसऱ्या कारणावर आमच्यात एकमत नाही. एक भागीदार म्हणतो, चांगल्याची नक्कल वाईट मूळकृतीपेक्षा बरी.

पहिल्या भेटीला काय आणू?

जागेचा नकाशा असेल तर तो. नसेल तर मोबाइलवर चारही दिशांना काढलेले फोटो, एक सकाळचा आणि एक संध्याकाळचा. घरातल्या किंवा संस्थेतल्या ज्या माणसाचा या कामाला विरोध आहे, त्यालाही सोबत आणा. आवडलेल्या इमारतींची चित्रं राहू द्या. त्याऐवजी तुम्ही लहानपणी जास्तीत जास्त वेळ कुठे बसायचात, ते आठवून या.